राणी लहान असतानाची वही

तुम्ही दोघांनी पाठवलेला चित्रपट मी पाहिला. एका बैठकीत डोळे थकतात, म्हणून दोन दुपारी मिळून पाहिला. मूळचा चित्रपट तुमच्या आईला लहानपणी फार आवडायचा. त्यातली गाणी ती न्हाणीघरात म्हणायची आणि शेवटी दुष्ट राणी कड्यावरून पडली की टाळ्या वाजवायची. आता कोणी तरी त्या राणीच्याच लहानपणाची गोष्ट चित्रं काढून हलती केली आहे. ती मुलगी असताना कशी होती, तिच्याशी कोण कसं वागलं, मग ती तशी का झाली. फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुला राणीची दया आली का?" मी म्हटलं, लिहून कळवते.

आजी टाळते आहे, असं वाटलं असेल. तसं नव्हतं. राणीच्या आधीची गोष्ट, आणि तीही हलत्या चित्रांतली, मी पूर्वी एकदा पाहिली आहे. अमरावतीला, वयाच्या नवव्या वर्षी, माझ्याच गणिताच्या जुन्या वहीच्या कोपऱ्यात. ती जिने काढली तिचं पुढे काय झालं आणि ते कोणामुळे झालं, हे मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता क्रमाने सांगते.

आम्ही राजापेठेत भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. तेव्हा राजापेठ शांत होती. दुपारी रस्त्यावर एखादा टांगा आणि बाकी ऊन. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मी सात वर्षांची असताना माझी आई गेली. वडिलांची विधवा बहीण, माझी आत्या, घर सांभाळायला आली आणि वर्ष उलटायच्या आत तिने वडिलांचं दुसरं लग्न लावून दिलं. मुलगी वलगावची, शेतकऱ्याघरची, अठरा वर्षांची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आत्या तिला नावाने हाक मारत नसे. "ए वलगाववाली," एवढंच. वडील तिला हाकच मारत नसत, घसा खाकरत.

मी तिला काय म्हणावं हे कोणी मला सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. मी तिला काहीच म्हणत नसे. काम असलं की "इकडे बघा" म्हणायची.

एकदा ती हसून म्हणाली, "मले काई तरी म्हनत जाय ना वं. काई बी म्हन. नुसतं 'इकडे' म्हनतेस, तं मले समजतच नाई, मले बलावून राहिली का मांजरीले."

मला हसू आलं होतं. ते मी गिळलं.

तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, हात खाली सोडून उभी. ती माझी आई. आमच्याकडे पहिली बायको गेल्यावर दुसरी आली, की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालत. त्याला सवतीचा टाक म्हणत. नवं लुगडं आधी त्या टाकाला लावायचं, मग नेसायचं. नव्या बांगड्यांतली पहिली त्याला टेकवायची. सणाला पहिला घास त्याच्यापुढे धरायचा. तसं केलं नाही तर पहिली कोपते. टाक हरवला तर नवा घडवता येत नाही. जुना नदीत सोडल्यावरच नवा. हरवलेला टाक म्हणजे पहिली घरात मोकळी फिरते आहे, असं आत्या म्हणे. तिने तो सराफ्यातून घडवून आणला होता आणि लग्नाच्या दिवशी स्वतःच्या हाताने बांधला होता.

मी त्या टाकाकडे पाहत असे. पत्र्यावरच्या बाईला नाकडोळे होते, पण ते कोणाचेही असू शकले असते.

मी नऊ वर्षांची झाले त्या वर्षी गावात एक हिंदी बोलपट लागला. जादूचा, राजाराणीचा. सगळं अमरावती तो पाहून आलं होतं. आमच्या शेजारच्या काकू तीनदा. वडिलांनी तिकिटं आणली आणि आत्या, ती आणि मी दुपारच्या खेळाला बायकांच्या बाजूला जाऊन बसलो. तिने आयुष्यात पाहिलेला तो पहिला सिनेमा. गोष्ट अशी: राजाची दुसरी राणी जादूगारीण असते. तिने पहिल्या राणीचा जीव एका पदकात कोंडून ते गळ्यात घातलेलं असतं. शेवटी राजकन्या झोपलेल्या राणीच्या गळ्यातून पदक हिसकावते आणि दगडावर आपटते. पदकातून धूर निघतो, धुरातून पांढऱ्या कपड्यांतली आई बाहेर येते आणि लेकीला पोटाशी धरते. दुष्ट राणी किंकाळी फोडत महालाबाहेर पळून जाते.

बायकांच्या बाजूला सगळ्या रडत होत्या. मी रडले नाही. मी अंधारात शेजारी बसलेल्या तिच्या गळ्याकडे पाहत होते. पडद्यावरचा उजेड पडला की टाक चमकत होता.

परतताना पायी आलो. वाटेत ती म्हणाली, "ते राणी अशी काहून झाली असन?"

"सावत्र होती म्हनून झाली," आत्या म्हणाली. "अजून काय पायजे?"

"पन सावत्र व्हायच्या आंधी कोनी तरी असनच ना ते. कोनाची पोट्टी असन."

"तिकिटाचा खेळ होता तो. पाह्यला, झालं. घरी चाल, भाकरी टाकाच्या हायेत."

ती घरी येऊन भाकरी टाकायला बसली. पण तो प्रश्न तिने सोडला नाही.

त्या सुमारास शाळेत एका मैत्रिणीने मला एक युक्ती शिकवली होती. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तेच चित्र काढायचं, दर पानाला थोडा फरक करून. मग अंगठ्याने पानं भरभर सोडली की चित्र हलतं. मी एका वहीत उडणारा पक्षी काढला होता. ओसरीवर बसून मी तो उडवत होते, तेव्हा ती मागून पाहत होती.

"पुन्हा कर," ती म्हणाली. मी केलं. "पुन्हा." मी परत केलं. मग तिने विचारलं, "तुही एखादी जुनी वही हाये का, वं? लिहून झालेली?"

मी मागच्या इयत्तेची गणिताची वही दिली. बेरजा, वजाबाक्या, बाईंच्या लाल खुणा. पण कोपरे कोरे होते. आणि तेव्हापासून रोज दुपारी, आत्या झोपली की, ती माझ्या पेन्सिलीचा तुकडा घेऊन चुलीपाशी बसायची. अक्षर न येणारी बाई, पण तिची रेघ सरळ होती. ज्वारीच्या पिठाची रांगोळी काढून हात तयार झालेला. दर चार-पाच दिवसांनी मला बोलवायची.

"पाह्य. राणी लहान असतानाची गोष्ट."

पानं सोडली. एक बोटभर उंचीची मुलगी चालू लागली. पोटाशी झोळी बांधलेली, झाडापाशी वाकली, झोळीत काही टाकलं, पुढच्या झाडाकडे गेली.

"राणी कापूस वेचते का कुठी!" मी म्हटलं.

"तवा ते राणी नोती ना, बाप्पा. तवा ते पोट्टीच होती."

त्यावर आम्ही दोघी हसलो. मोठ्याने. आतून आत्याचा आवाज आला, "काय खिदळून राहिल्या वं?" ती वही पदराखाली लपवून भाकरीचं पीठ मळू लागली, आणि मला मात्र हसू आवरेना. ते हसणं मला आजही आठवतं, कारण त्यानंतर आम्ही दोघी मिळून कधीच हसलो नाही.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून आंघोळी चालल्या होत्या. टाकाचा जुना दोरा विटला होता. दरवर्षी दिवाळीला तो बदलायचा. तिने टाक काढून स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवला, नवा दोरा शेजारी ठेवला आणि ती न्हाणीघरात गेली. आत्या अंगणात पणत्या आवरत होती. वडील देवापुढे बसले होते.

पुढचं मी ठरवून केलं. उगाच घडलं असं म्हणणार नाही. मी टाक घेतला, पाट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी वरवंटा उचलून त्यावर घातला. एकदा. काही झालं नाही. मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. धूर आला नाही. मी वरवंटा बाजूला केला, तर पत्रा सपाट झाला होता. हात गेले होते, पाय गेले होते, चेहरा गेला होता. आईला सोडवायला गेले होते आणि मी तिचं तोंड चेचून टाकलं होतं.

न्हाणीघरातून तांब्याचा आवाज थांबला. मी तो पत्रा मुठीत धरून बाहेर पळाले आणि माझ्या दप्तरात, कंपासपेटीत, खोडरबराखाली ठेवला.

ती ओल्या केसांनी कोनाड्यापाशी आली. नवा दोरा होता. टाक नव्हता.

सगळं घर धुंडाळलं. केर पाखडला, चुलीतली राख चाळली, मोरी उपसली. आत्याने तर लाडवांचे डबे रिकामे केले.

"गयातला टाक जाते कुठी?" आत्या ओरडत होती. "त्याले पाय हायेत का? तूच फेकला. पयलीचं ओझं झालं होतं ना तुले?"

"मी कोनाड्यात ठेवला होता. देवाशप्पथ."

"देवाचं नाव घेऊ नको!"

वडील म्हणाले, "मिळंन. कुठी जाते?" आणि कचेरीला सुट्टी असूनही बाहेर निघून गेले.

सणाचा स्वयंपाक तर करायचाच होता. ती चटणी वाटायला पाट्यापाशी बसली. मी उंबरठ्यात उभी होते. मिरच्या घालण्याआधी तिचा हात थांबला. काळ्या पाट्यावर एक चांदीची रेघ होती, बोटाच्या पेराएवढी, चकचकीत. तिने ती पाहिली. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं.

बाहेरच्या खोलीत आत्या शेजारच्या काकूंना सांगत होती, "फेकला म्हंजे फेकलाच, लिहून ठेवा तुमी."

तिने चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि ती रेघ घासून काढली. मग पाणी टाकून पाटा धुतला. "जाय, तोंड धू," ती मला म्हणाली. "तुले कोनी फराळाचं देल्लं नाई का अजून?"

त्या आठवड्यात एकदा, माझी वेणी घालताना, तिने हळूच विचारलं, "तुले मले काई सांगाचं हाये का?"

"नाई."

"बरं," ती म्हणाली आणि रिबिनीची गाठ मारली.

मी का बोलले नाही? पहिल्या दिवशी भीतीने. पण पंधरा दिवसांनी वडिलांना मुदतीचा ताप आला आणि मग कारण बदललं. आत्याने उंबऱ्यातच निकाल दिला: पहिली कोपली, टाक नाही तिथे दुसरी नांदू शकत नाही. वलगावला निरोप गेला. तिचा भाऊ बैलांची बंडी घेऊन आला. "ताप उतरेपर्यंत घेऊन जा," आत्या त्याला म्हणाली. वडील तापात होते, पण शुद्धीत होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आणि मी दारात उभी राहून मनात म्हणत होते की सिनेमातल्यासारखंच झालं. पदक फुटलं की राणी महालाबाहेर जाते. आई आली नाही, पण राणी तर चालली. म्हणजे थोडं तरी खरं निघालं. मी नऊ वर्षांची होते आणि मला बरं वाटलं होतं. हे तुम्ही आजीच्या तोंडून ऐकावं असं नाही, पण ऐका.

बंडीत बसण्याआधी ती मागे आली. पदरातून वही काढून माझ्या हातात दिली. "पुरी नाई झाली. आल्यावर करीन." आणि ती तिथेच उभी राहिली. तिचा भाऊ बैलांना थोपवून धरत होता. एक वाक्य लागत होतं. दोन शब्दांचंही चाललं असतं. माझ्या हातात वडिलांच्या औषधाची बाटली होती. तिच्यावरच्या कागदी पट्टीच्या रेघा मी मोजत राहिले. ती बंडीत बसली.

ताप उतरला. तिला आणायला कोणी गेलं नाही. संक्रांत झाल्यावर बघू, म्हणाले. मग होळी झाल्यावर. मग वडिलांची अकोल्याला बदली झाली आणि सामानाबरोबर आम्ही तिघंच बडनेऱ्याहून गाडीत बसलो. आत्या, वडील आणि मी. तिला कळवलंही नाही. एकदा मी अकरा-बारा वर्षांची असताना वडिलांना तिच्याविषयी विचारलं. ते म्हणाले, "ती तिकडे सुखात आहे." त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही पुढे विचारलं नाही.

अकोल्यात माझं चांगलं चाललं. इंग्रजीत मला गती होती. बाई माझे निबंध वर्गात वाचून दाखवायच्या. मॅट्रिकच्या वर्षी जुन्या ट्रंकेत कोरे कागद शोधताना ती वही हाती लागली. मी खाली बसले आणि अंगठ्याने पानं सोडली.

कापूस वेचणारी मुलगी चालू लागली. हे मी पाहिलेलं होतं. पुढचं पाहिलेलं नव्हतं. मुलीला कोणी तरी पाटावर बसवतं. पानाच्या कडेतून दोन हात येतात; नुसते हात, त्यांना माणूस नाही. ते तिच्या गळ्यात काही तरी बांधतात. मग तिच्या डोक्यावर मुकुट येतो. मुकुट मोठा होत जातो आणि मान एकेका पानाला वाकत जाते, इतकी, की शेवटी तिला फक्त जमीन दिसत असावी. मग दुसऱ्या कडेने एक लहान मुलगी येते. दोन वेण्या, हातात वही. ती लांब उभी राहते. राणी मान न उचलता एक हात तिच्याकडे पुढे करते. पानागणिक थोडा थोडा. दोघींमध्ये बोटभर अंतर उरतं आणि चित्र संपतं. पुढे चार पानं नुसती माझी गणितं होती.

मला सगळं समजलं. सोळाव्या वर्षी समजायला काही अवघड नव्हतं. मी वही परत ट्रंकेत ठेवली. आधी परीक्षा होती. मग निकाल लागला. मग कॉलेज सुरू झालं. आत्याला धक्का बसेल, वडिलांना वाईट वाटेल, इतक्या वर्षांनी काय उपयोग. कारणं मला भराभर सुचत होती आणि ती चांगल्या इंग्रजीतसुद्धा मांडता आली असती.

आत्या मी वीस वर्षांची असताना गेली. पुढच्या वर्षी तुमच्या आजोबांशी माझं लग्न ठरलं. तिकडच्या मंडळींनी विचारलं, कन्यादानाला मुलीच्या बाजूने कोण बसणार? जोडीने बसायला हवं. तेव्हा मी वलगावला गेले. इतकी वर्षं गेले नाही आणि गरज पडली तेव्हा गेले. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

घरी मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं. अकोल्याहून गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, तिथून मोटारीने वलगाव. घर विचारत गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. आमच्यात दहा वर्षांचं अंतर. म्हणजे तेव्हा ती फक्त एकतीस वर्षांची होती. मला ती म्हातारी वाटली. भावाची तीन मुलं तिच्याभोवती होती आणि तिला "आत्या, आत्या" करत होती. आमच्या घरातून निघून ती कोणाच्या तरी घरातली आत्या झाली होती. गळ्यात मंगळसूत्र होतं. त्याच्या शेजारी काही नव्हतं.

तिने मला ओळखलं. "बस," म्हणाली आणि पाणी दिलं.

मी भाषण तयार करून आणलं होतं. ते राहिलं. मी रुमालातून तो सपाट पत्रा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"वरवंट्यानं?"

"हो."

"रेघ दिसली होती मले पाट्यावर."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" माझी भाषा तोवर शिकलेली झाली होती. मी तिला 'तुम्ही' म्हणत होते, पण त्याच्यापुढे हाक नव्हतीच.

"मी काहून सांगू? तू सांगशीन म्हनून थांबली."

"मी लहान होते."

"होतीस ना." तिने सूप खाली ठेवलं. "नऊ सालाच्या पोट्टीले मी त्याच दिवशी सोडलं. राग नोता माहा तिच्यावर. पन मंग तू दहाची झालीस, बाराची झालीस. मॅट्रिक पास झालीस, पेपरात नंबर आला म्हने तुहा. माह्या भावानं सांगतलं, मी गूळ वाटला इथं. ते मॅट्रिकवाली कोन होती? तिले कोन सोडाव?"

मुलं माझ्या पर्सकडे पाहत होती.

मग मी लग्नाचं सांगितलं. म्हटलं, चला. घरी चला, तुम्हीच बसायला पाहिजे.

"तुह्या बापानं पाठोलं तुले?"

"नाही."

"मंग मी कोनाच्या घरी चलू?"

तिने हे चिडून विचारलं नाही. रस्ता विचारावा तसं विचारलं. मग टाक माझ्या रुमालात ठेवून तिने रुमालाची नीट घडी घातली. "हे तुह्याजवळच राहू दे. माह्या गयात होती तवर मी जपलं तिले. पयला घास तिले देल्ला, पयली बांगडी तिले. आता तुही माय तू जप."

मी वही आणली होती. ती काढली, तर ती एकदम हसली. "हे माहंच का, बाप्पा?" आणि अंगठ्याने पानं सोडली. मुलं अंगावर पडून पाहू लागली. "कशी चालून राहिली, पाह्य!"

"मंग काय होते, आत्या?" मधल्या पोरीने विचारलं.

"मंग काई नाई. तेवढीच हाये."

"चार पानांचे कोपरे कोरे आहेत," मी म्हटलं आणि पर्समधून पेन्सिल काढून पुढे केली. एवढीच हिंमत मला झाली.

तिने पेन्सिलीकडे पाहिलं. "मले शेवट तवा मालूम होता," ती म्हणाली. "आता नाई." तिने सूप उचललं आणि तूर पाखडायला लागली. निघताना तिने मला भाकर बांधून दिली आणि मोटार कुठे थांबते ते सांगितलं. मी तिला वाकून नमस्कार केला. तिला काय म्हणायचं ते तेव्हाही मला म्हणता आलं नाही. शब्द येत होता. तो म्हणायचा हक्क मागायला मी फार उशिरा आणि फार कामापुरती गेले होते.

अकोल्याला येऊन वडिलांना सगळं सांगितलं. रेघेचं, राखेचंसुद्धा. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं नाही. "टाक तुझ्याकडे होता तर," म्हणाले. पान उलटून म्हणाले, "आता कशाला उकरायचं?" माझ्या लग्नात कन्यादानाला वडिलांचे चुलतभाऊ आणि त्यांची बायको बसली. पुढे काही वर्षांनी वलगावहून एक पत्र आलं, तिच्या भावाच्या मुलीच्या अक्षरातलं. तीन ओळी होत्या. आत्या गेली, असं त्यात होतं.

आता तुमचा प्रश्न. चित्रपट चांगला काढला आहे. ती लहान मुलगी समुद्राकाठी एकटी बसते तिथे तुम्ही रडलात, हे ठाऊक आहे मला. मला राणीची दया आली नाही. तिच्या लहानपणापाशीच गोष्ट थांबते, म्हणून आली नाही. माझीही तशी गोष्ट कोणी काढली तर तुम्ही रडाल: आई मेलेली मुलगी, दोन वेण्या, हातात वरवंटा. आणि पडदा. पण मला त्या मुलीविषयी कोणी विचारलंच नव्हतं. मॅट्रिक झालेलीविषयी विचारलं होतं, आणि तिची गोष्ट कोणी काढत नाही.

टाक माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. दिवाळीला मी पहिला घास त्याच्यापुढे धरते; तुमचे आजोबा हसायचे. वहीही आहे. तिचे कागद आता इतके कडक झालेत की अंगठ्याने पानं सोडली तर तुकडे पडतील. म्हणून ती मुलगी आता चालत नाही. एकेक पान हाताने उलटून पाहावं लागतं आणि प्रत्येक पानावर ती नुसती उभी असते. शेवटच्या चार पानांचे कोपरे तसेच कोरे आहेत. तुमच्यापैकी थोरल्याला चित्रं चांगली काढता येतात, असं तुमची आई म्हणते. इथे आलात तर वही दाखवीन. पण त्या पानांवर काढायचं नाही.